विषय क्रमांक सदतीस

विषय क्रमांक सदतीस पुकारला तेव्हा
सभागृहातला मधला पंखा बंद होता
आणि गुरुसिद्धय्या पाण्याचे ग्लास उलटे धरून
एकेक पुसत होता.

'जलसाक्षी रेसिडेन्सी, तळ्यालगत.
वाहनतळाच्या आराखड्यात बदल.'

बदल माझ्याच हातचा.
आत होत्या दोनशे चौदा गाड्या, राहिल्या एकशे नव्वद.
उरलेल्या चोवीस कुंपणाबाहेर,
बांधाच्या कडेला,
वर बारीक अक्षरात 'अभ्यागतांसाठी'.

मी आरेखक. मला गाडी म्हणजे चौकोन,
अडीच मीटर बाय पाच.
एक काढायचा, तेवीस वेळा चिकटवायचा,
चहा येईपर्यंत काम होतं.
तळं वेगळ्या लेअरवर आहे.
ते बंद केलं की नकाशा स्वच्छ दिसतो,
साहेबांना तसाच लागतो.

हरकत एकच आलेली.
राजमणी यमूल, राहणार बांधाच्या अलीकडं.
वहीचं पान, पेन्सिलीनं,
अक्षर कुणा शाळकरी नातीचं:
'बांधावर मी चादरी वाळवते.
कारखान्याच्या, धुऊन, बावीस वर्षं झाली.
गाड्या लागल्या तर चादरी कुठं?'

खाली उत्तराचा रकाना.
तोही मीच भरला, सांगितला तसा:
'चादर हे वाहन नसल्याने
नियमावलीत तिच्या जागेची तरतूद नाही.'

वाचून दाखवलं तेव्हा दोघे-तिघे हसले.
वाईट मनानं नाही,
एप्रिलात दुपारी तीन वाजता
माणूस कशालाही हसतो तसे.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
तळं वाढलं तर?
कुठं वाढतंय, अभियंता म्हणाले,
नळालाच पाचव्या दिवशी येतंय.
पुन्हा हसू.
सूचक बागवान, अनुमोदक कोरे.
हात वर झाले, त्यातला एक
बहुतेक पंख्याकडं बोट दाखवत होता.
तोही मोजला.
मंजूर.
विषय क्रमांक अडतीस, मोकाट कुत्री.

संध्याकाळी मी तळ्यावर गेलो.
का गेलो ते मला विचारू नका,
घर जुळे सोलापूरला आहे, वाट उलटी पडते.
स्कूटर लावली बांधावर,
म्हणजे माझ्या पहिल्याच चौकोनात.
ऊन उतरलं होतं, दगड उतरले नव्हते.
पाणी मागं सरकून
आपल्या जुन्या रेघा उघड्या टाकून बसलेलं,
त्यातली कुठली नकाशात धरली होती
मलाच आठवेना.

आणि चादरी.
लाल, मोरपंखी, जांभळ्या,
कोपऱ्यांवर दगड ठेवून ओळीनं निजवलेल्या.
डिकीत टेप असतो, सवय.
एका गाडीच्या जागेत
तीन चादरी बसतात, आडव्या.
वर एक पट्टी उरते, वीतभर जास्त,
तिथं तिनं टॉवेल टाकला होता, दुमडून.
इतकी नेटकी मांडणी
मला सॉफ्टवेअरवर जमलेली नाही.

मोजत गेलो.
त्या दिवशी बांधावर
नऊ गाड्या वाळत होत्या.

'हापिसातले का?' तिनं विचारलं.
टेप लपवायला उशीर झाला होता.
'काय झालं आमच्या कागदाचं?'
म्हटलं, मंजूर झालं. म्हणजे त्यांचं.
ती थोडा वेळ काही बोलली नाही,
एका चादरीखालचा दगड पायानं सरकवला.
'जागा दिली, बरं,' म्हणाली.
'उन्हाचं काय ठरलं? तेबी त्यांनाच?'

रकाना समोर नव्हता.

मग तिनं एका चादरीची दोन टोकं
माझ्या हातात दिली, न विचारता,
जशी नातीला देत असेल.
मी मागं मागं गेलो, ताणली,
झटकली, धूळ माझ्याच तोंडावर आली.
'आता हिकडं या,' ती म्हणाली.
टोकं जुळवायला
मी तिच्याकडं चालत गेलो.
आठ चौकोन बाकी होते,
आणि चौकीदार लांबून शिट्टी वाजवत होता,
स्कूटर काढा.